आधी डोळे, मग हात: सांकेतिक भाषा बोलणारं पात्र उभं करताना

एकांकिकेत कर्णबधिर पात्र असलं की तालमीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांचं लक्ष हातांकडे जातं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ लावतं, सगळे गोल बसून ‘आई’, ‘पाणी’, ‘शाळा’ करून बघतात आणि संध्याकाळी घरी जाताना निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. खरं काम तोवर सुरूही झालेलं नसतं. खुणांनी बोलणारा माणूस दिवसभर डोळ्यांनी ऐकतो. त्याची नजर कुठे टिकते, कधी सुटते, कशाने परत येते हे अंगात भिनलं नाही, तर दोनशे खुणा बिनचूक पाठ करूनही प्रेक्षकाला ऐकू येणारा नटच दिसतो.

याचा सगळ्यात ढळढळीत पुरावा पाठमोऱ्या क्षणी मिळतो. पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून उभं आहे, मागून काकू काहीतरी बोलतात आणि नटाचे डोळे किंचित हलतात. एवढंसं होतं, पण तिसऱ्या रांगेतल्या माणसाला ते कळतं. वाक्याच्या शेवटी श्वास बदलणं, हशा यायच्या आधीच ओठ सैल पडणं, विंगेतून आवाज आला की मान ताठ होणं, या सवयी नटाने वर्षानुवर्षं मेहनतीने कमावलेल्या असतात. त्या सोडायला हात शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून त्या आधी हातात घ्यायच्या.

पण त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे भूमिका कुणी करायची. आमचं मत स्पष्ट आहे: आधी कर्णबधिर कलाकार शोधा. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या ५० लाखांहून जास्त माणसांची नोंद आहे. सोलापूरसारख्या शहरात विशेष शाळांचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांचे आपापसातले कट्टे आहेत, क्रिकेटचे संघ आहेत. ‘कुणी मिळालं नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तिथे जाऊन विचारलेलं नसतं. कर्णबधिर नटाबरोबर तालीम करायला लागतं ते फार थोडं. एक दुभाषी हवा आणि संहिता कागदाच्या जोडीला व्हिडिओवरही द्यायला हवी, कारण अनेक कर्णबधिर प्रौढांसाठी लिखित मराठी ही नंतर शिकलेली दुसरी भाषा असते. आणि दिग्दर्शकाने अंधारात बसून सूचना ओरडण्याची सवय सोडायला हवी.

ते काही केल्या जमलं नाही आणि ऐकू येणाऱ्या नटालाच भूमिका करायची वेळ आली, तर भाषा-मार्गदर्शक कर्णबधिरच असावा आणि तो पहिल्या वाचनापासून असावा. शेवटच्या आठवड्यात ‘जरा खुणा तपासून द्या’ म्हणून बोलावलं, तर त्याच्या हातात चुका दाखवण्यापलीकडे काही उरत नाही. तोवर हालचाली बसलेल्या असतात, संगीत ठरलेलं असतं, कुणाला काही बदलायचं नसतं. प्रकाशयोजनाकाराला जसं मानधन देतो तसं त्यालाही द्यायचं आणि श्रेयनामावलीत नाव घालायचं. विशेष शाळेतले ऐकू येणारे शिक्षक मदतीला असतील तर उत्तमच, पण ते त्याची जागा घेऊ शकत नाहीत. भाषा येणं वेगळं आणि त्या भाषेत भांडणं, लाडीगोडी, चहाटळपणा करत मोठं होणं वेगळं.

शब्दांचंही एकदा बघून घ्या. ‘मूकबधिर’ हा शब्द अजून अनेक पाट्यांवर दिसतो, पण ‘मूक’ हा भाग चुकीचा आहे. बहुतेक कर्णबधिरांचा कंठ अगदी धड असतो. ते हसतात, खोकतात, रागाने ओरडतात, काही जण बोलतातही. ‘मुका’ ही तर थेट शिवीच. संहितेतलं एखादं पात्र ती शिवी देत असेल तर देऊ दे, पण ती शिवी आहे हे नाटकाला माहीत असायला हवं. आणि पात्र पूर्ण नि:शब्द ठेवायचीही गरज नाही. हसताना आवाज येऊ दे. मात्र हशा मिळवायला घशातून ‘आ आ ऊ ऊ’ काढायची जुनी तऱ्हा कायमची बंद करा.

आता पात्राची कुंडली. ‘तो बधिर आहे’ एवढ्यावर भूमिका उभी राहत नाही. ऐकणं कधी गेलं? जन्मतः, की नवव्या वर्षी तापात? नवव्या वर्षी गेलं असेल तर त्याच्या डोक्यात मराठी वाक्यं आहेत, आवाजाच्या आठवणी आहेत, तो कदाचित बोलतोही. जन्मतः असेल तर चित्र वेगळं. किती ऐकू येतं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास म्हणजे बधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. कानाचं यंत्र वापरतो का? वापरत असेल तर सेल संपल्यावर काय करतो, साचा कानात नीट न बसल्याने शिट्टी वाजते ती त्याला कळते का, भांडताना तो यंत्र काढून खिशात टाकतो का? हे सगळं रंगमंचावर येणार नाही, पण नटाच्या खांद्यांत उतरेल.

सोलापुरात ही कुंडली आणखी गुंतागुंतीची होते आणि तीच तर गंमत आहे. समजा, अंबादास नावाचं पात्र आहे. वय २६, पूर्व भागात राहणारा, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर. घरात तेलुगू. गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू. शाळेत पाटीवर मराठी. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणून अंबादासच्या घरात आईने आणि त्याने मिळून केलेल्या चाळीस-पन्नास घरगुती खुणा असतील. भारतीय सांकेतिक भाषा त्याला मिळाली असेल ती शाळेच्या वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. वर्गात बऱ्याच ठिकाणी ओठ वाचण्यावर आणि बोलण्याच्या सरावावरच भर असायचा. त्या आग्रहाची मुळं कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीत मिलानला भरलेल्या १८८० च्या परिषदेपर्यंत जातात. तिथे शाळांमधून खुणा हटवायचे ठराव झाले. त्यांबद्दल खेद व्यक्त व्हायला त्याच विषयावरची २०१० ची कॅनडातल्या व्हँकूव्हरची परिषद उजाडावी लागली.

म्हणजे अंबादास आईशी एका तऱ्हेने बोलतो आणि मित्राशी दुसऱ्या. आईशी हात मोठे, खुणा मोजक्या, बोट दाखवणं जास्त. मित्राशी वेग, बारकावे, थट्टा. हा फरक नटाने दाखवला तर एक शब्द न उच्चारता त्या घराची सगळी परिस्थिती कळते. दोन्हीकडे सारख्याच खुणा केल्या तर पात्राचं निम्मं आयुष्य पुसलं गेलं समजा.

यंत्रमागाचा कारखाना तर अशा पात्रासाठी फार चांगली जागा आहे. तिथे धोट्याच्या खटखटीत ऐकू येणाऱ्यांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही. सगळे कानाशी तोंड नेऊन ओरडतात. अंबादास आणि त्याचा मित्र मात्र शेडच्या दोन टोकांना उभे राहून निवांत गप्पा मारतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतही तसंच. होम मैदानावर पाळण्यांचा, भोंग्यांचा गलका, त्यात वर पाळण्यात बसलेला एक आणि खाली तिकीट काढणारा दुसरा यांचं सगळं बोलणं होऊन जातं. असा एखादा प्रसंग संहितेत असला की पात्राची कीव करायची प्रेक्षकाची सवय आपोआप मोडते. मात्र वीज गेली की तेच दोघे गप्प होतात, आणि ऐकू येणाऱ्यांना तेव्हा कुठे बोलायला सुचतं. लेखकाने या दोन्ही बाजू वापराव्यात.

आता भाषेकडे येऊ. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती मराठीची हातांनी केलेली नक्कल नाही. अमेरिकेत भाषा-अभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की खूण ही हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांची बनते. तळहाताची दिशा आणि चेहरा-मान यांचा वाटा पुढे तपशिलात मांडला गेला. यातलं एक बदललं की अर्थ बदलतो किंवा जातो, जसं मराठीत एक काना सरकला की ‘काल’ची ‘कला’ होते. म्हणून ‘साधारण तशीच केली’ हे इथे चालत नाही.

एक वाक्य घ्या: ‘काल तू दवाखान्यात का गेली नाहीस?’ सांकेतिक भाषेत साधारण क्रम होईल: काल, तू, दवाखाना, जा, नाही, का. काळ आधी, नकार क्रियेनंतर, प्रश्नवाचक खूण शेवटी. आणि प्रश्न पूर्ण होतो तो चेहऱ्यावर. ‘हो की नाही’ असा प्रश्न असेल तर भुवया वर आणि डोकं थोडं पुढे. ‘का’, ‘कुठे’ अशा प्रश्नात हनुवटी किंचित वर. इथेच कसलेले नट घसरतात. चेहऱ्यावर भाव आणायची त्यांना इतकी सवय असते की प्रश्न विचारताना ते दुःख दाखवतात. ‘हो की नाही’ प्रश्नात भुवया खाली आल्या की प्रश्न गेला, उरलं नुसतं विधान. चेहऱ्यावर आधी व्याकरण बसवायचं, त्यावर भावना चढवायची. हा क्रम उलटा झाला की कर्णबधिर प्रेक्षकाला नट सारखा रडवेला दिसतो आणि काय म्हणतोय ते कळत नाही.

दुसरी घसरण्याची जागा म्हणजे दिशा. ‘देणे’ ही खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. ‘मी तुला दिलं’ आणि ‘तू मला दिलंस’ यात हात उलट दिशेने जातो. याचा परिणाम थेट हालचालींवर होतो. दिग्दर्शकाने तालमीच्या विसाव्या दिवशी काकूंना डावीकडून उजवीकडे नेलं, तर काकूंशी संबंधित प्रत्येक दिशादर्शक क्रियापद बदलतं. नटाने जुनीच दिशा ठेवली तर काकूंचे पैसे तो भिंतीला देतो. समोर नसलेल्या माणसांचंही तसंच. गोष्ट सांगताना मामाला एकदा उजवीकडच्या हवेत बसवलं की तो प्रसंग संपेपर्यंत मामा तिथेच. संहितेच्या कडेला छोटा नकाशा काढून ठेवा, कोण कुठे ते. हालचाल बदलली की नकाशाही बदला.

मराठीतल्या म्हणी आणि वाक्प्रचार जसेच्या तसे न्यायचे नाहीत. ‘त्याने तिचे कान भरले’ याच्या शब्दागणिक खुणा केल्या तर समोर कान आणि काहीतरी ओतणं दिसेल. ‘कानावर आलं’, ‘कानाडोळा केला’ हेही त्यातलेच. मार्गदर्शकाला वाक्य देऊ नका, प्रसंग सांगा. कोण, कुणाला, कशासाठी, किती चिडून. मग तो जे करेल ते चित्रित करा. ती तुमची संहिता.

शब्द शोधायला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. २०१८ मध्ये तो ३,००० शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत १०,००० वर पोचला. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ मोफत बघता येतो. पण गावागणिक खुणा थोड्या बदलतात, आणि अंबादास सोलापूरचा असेल तर सोलापूरच्या मार्गदर्शकाची खूण अंतिम. आंतरजालावर शोधताना एक चूक वारंवार होते: पहिला व्हिडिओ अमेरिकन सांकेतिक भाषेचा निघतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे बोटांची वर्णमाला. अमेरिकन अक्षरं एका हाताने होतात, आपल्याकडची रोमन वर्णमाला मुख्यतः दोन हातांची. तेव्हा एका हाताने झरझर अक्षरं काढणारी बाई दिसली की व्हिडिओ बंद करा. बोटांनी अक्षरं काढणं तसंही नावागावापुरतंच असतं. नाटकात दर वाक्याला अक्षरं येत असतील तर अनुवाद झालेला नाही असं समजायचं. पात्रांना खुणेची नावं हवीत, आणि ती मार्गदर्शकाने ठेवावीत, माणसाचा गालावरचा तीळ, चालण्याची ढब, एखादी सवय बघून.

काही खुणा ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाला भलतंच सांगतात. ‘वाईट’साठी करंगळी उभी केली जाते आणि आपल्याकडे शाळेत करंगळी दाखवण्याचा अर्थ सगळ्यांना पाठ आहे. गंभीर प्रसंगात पहिल्यांदाच करंगळी वर आली तर सभागृह हसतं आणि प्रसंग हातचा जातो. यावर खूण बदलणं हा उपाय नव्हे. तीच खूण आधीच्या एखाद्या हलक्या प्रसंगात, अर्थ उघड होईल अशी वापरून घ्या. चहा पिऊन तोंड वाकडं करत ‘वाईट’ म्हणू दे. मग गंभीर वेळी ती प्रेक्षकाच्या ओळखीची असते.

ओठ वाचण्याबद्दल लेखकांच्या भलत्याच कल्पना असतात. पात्र रस्त्यापलीकडच्या दोन माणसांचं बोलणं ओठांवरून टिपतं आणि रहस्य उलगडतं वगैरे. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून बघा. तिन्ही एकच दिसतात. क, ख, ग, घ तर घशाजवळच होतात, ओठांवर येतच नाहीत. वर मिशी, तोंडात तंबाखू, पाठीमागून ऊन. ओठांवरून जेमतेम काही तुकडे मिळतात आणि उरलेलं माणूस अंदाजाने जोडतो. अंबादासने चुकीचा अंदाज बांधला आणि त्यातून घोटाळा झाला, हे खरं वाटेल.

आता मूळ मुद्दा, नजर. पहिले आठ-दहा दिवस हात बांधून ठेवा म्हटलं तरी चालेल. नटाने फक्त बघायचं. समोरच्याच्या चेहऱ्यावर, नाक-ओठांच्या आसपास नजर ठेवायची आणि त्याचे हात नजरेच्या कडेने टिपायचे. खुणांनी बोलणारी माणसं एकमेकांच्या हातांकडे टक लावून बघत नाहीत, आणि स्वतःच्या हातांकडे तर जवळजवळ नाहीच. नवखा नट मात्र खूण आठवताना आपल्याच हाताकडे बघतो. त्या क्षणी तो समोरच्याशी बोलायचा थांबलेला असतो. कानात बोळे घालून ‘बधिरपणा अनुभवण्याचा’ प्रयोग मात्र करू नका. त्यातून फक्त घाबरणं शिकायला मिळतं, आणि जन्मापासून डोळ्यांनी जगणारा माणूस तसा घाबरलेला नसतो.

नजरेचा दुसरा नियम सहकलाकारांसाठी: एका वेळी एकच. ऐकू येणारा माणूस कागद दाखवत ‘हे बघ, इथे सही कर’ म्हणतो. अंबादास कागदाकडे बघत असेल तर हात दिसणार नाहीत, हातांकडे बघत असेल तर कागद दिसणार नाही. म्हणून आधी कागद दाखवायचा, थांबायचं, त्याची नजर वर आली की मग खूण करायची. यात दोन-तीन सेकंद जातात. दिग्दर्शकाला ती पोकळ वाटतात आणि तो लय वाढवा म्हणतो. वाढवू नका. त्या दोन सेकंदांत बहुतेक वेळा प्रसंगातली सगळ्यात खरी गोष्ट घडत असते.

एक प्रसंग जवळून बघू. आई काठवटीत ज्वारीचं पीठ मळतेय. अंबादासला नोकरी सोडल्याचं सांगायचंय. तो दारातूनच सांगू शकत नाही, म्हणजे आईने वर बघेपर्यंत काही सुरूच होणार नाही. तो दोन पावलं पुढे येऊन टाच आपटतो. लाकडी रंगमंचावर ते बसलेल्या माणसाला जाणवतंही. आई वर बघते, हनुवटीनेच विचारते, काय? तो सांगतो. तिचे हात मनगटापर्यंत पिठात. उत्तर द्यायचं तर हात वर काढायला हवेत. ती काढते, पीठ गळतं, बोटं चिकटलेली, खूण धड होत नाही. तो ‘परत सांग’ म्हणतो. ती हात पदराला पुसायला जाते आणि मधेच थांबते. पुन्हा काठवटीत हात घालते, नजर खाली. बोलणं तिच्या बाजूने संपलं. नजर काढून घेणं म्हणजे या भाषेत दुसऱ्याचं तोंड बंद करणंच. आता त्याच्याकडे एकच उपाय आहे, तिच्यासमोर बसून काठवटीच्या कडेवर हात ठेवणं. या प्रसंगात मुळात खुणा सात-आठच आहेत. पण हात कशात गुंतलेत, कधी मोकळे होतात हे ज्याला कळलं, त्याने पात्र ओळखलं. जेवणाच्या प्रसंगातही हेच. कडक भाकरी मोडायला दोन हात लागतात, म्हणून मोडताना गप्प. मग एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने अर्धवट खूण, जसे आपण तोंडात घास घेऊन बोलतो.

लक्ष वेधायच्या रीती ठरलेल्या आहेत. खांद्यावर किंवा दंडावर दोनदा हलकं थोपटणं, नजरेच्या कडेत हात हलवणं, जमिनीवर पाय आपटणं, खोलीतला दिवा एकदोनदा चालूबंद करणं. डोक्यावर टपली मारणं, हनुवटी धरून तोंड वळवणं, हात पकडून ठेवणं या उर्मट गोष्टी आहेत. बोलणाऱ्याचे हात धरणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात दाबणं. रागाच्या प्रसंगात हे वापरायचं असेल तर तेवढ्याच वजनाने वापरा. कुजबुज करायची तर खूण लहान, खाली, पोटाजवळ, शरीराच्या आडोशाला. ओरडायचं तर मोठी आणि झटक्याची.

प्रेक्षकाला कळणार कसं, हा प्रश्न प्रत्येक तालमीत येतो. सगळ्यात जास्त वापरली जाणारी युक्ती सगळ्यात वाईट आहे: ऐकू येणारं पात्र प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणतं. ‘काय? तुला भूक लागलीय? बाजारात जायचंय?’ फोनवरच्या एकतर्फी बोलण्यासारखं ते कंटाळवाणं होतं, आणि अंबादासला स्वतःचा संवादच उरत नाही. त्यापेक्षा उत्तर असं लिहा की त्यातून प्रश्न कळेल. ‘दोनशे? परवाच तर दिले होते!’ यात अंबादासने काय मागितलं ते आलं. काही वाक्यं न समजता राहू द्या. तो आणि मित्र हसतात, बाकीच्यांना कळत नाही, प्रेक्षकालाही नाही. रोज जेवणाच्या पंगतीत अंबादासच्या वाट्याला हेच येतं, तेव्हा पाच मिनिटं सभागृहाने सोसायला हरकत नाही.

पडद्यावर अक्षरं दाखवायची असतील तर जुना ठोकताळा असा: दर दहा फुटांना एक इंच उंची. शेवटची रांग ऐंशी फुटांवर असेल तर अक्षर आठ इंच, आणि देवनागरीत वेलांट्या-उकारांसाठी दोन ओळींत मोकळी जागा जास्त. एका वेळी दोनच ओळी. चालवणाऱ्याने संहितेकडे न बघता नटाच्या हातांकडे बघून बटण दाबायचं, नाहीतर विनोद हातांच्या आधी पडद्यावर पोचतो. एकाच पात्राने मराठी बोलत-बोलत खुणाही करणं टाळा. दोन भाषांचे क्रम वेगळे असल्याने एक हमखास मोडते आणि ती नेहमी खुणांचीच असते.

कपडे आणि प्रकाश यांत घोटाळा लगेच दिसतो. कातडीच्या रंगाहून वेगळा, साधा, एकरंगी सदरा. अंगठ्या, चमकणाऱ्या बांगड्या, मेंदी नको, बोटांच्या कडा हरवतात. लांब मंगळसूत्र छातीजवळच्या खुणांत अडकतं, ते पदरात खोचा. मिशी ओठांवर येऊ देऊ नका. आणि नेपथ्य सोलापूरचं दाखवायचं म्हणून मागच्या दोरीवर भरगच्च नक्षीची सोलापुरी चादर टांगायचा मोह होईल. चादर जरूर असू दे, पण नट जिथे बोलतो त्याच्या बरोबर मागे नको. त्या नक्षीसमोर दहा बोटं शोधावी लागतात. प्रकाश समोरून, डोक्यापासून कमरेपर्यंत सारखा. नुसत्या वरच्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि भुवया जातात, म्हणजे प्रश्न जातात. गडद निळी रात्र दाखवायची असेल तर चेहऱ्यावर वेगळा मंद उजेड ठेवा. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतून एकदा स्वतः बघा. तालमीच्या खोलीत स्वच्छ दिसणारी बोटं तिथे एक ठिपका होतात. खुणा जास्त मोठ्या करण्याऐवजी बोलणाऱ्या दोघांना पुढे आणा आणि प्रेक्षकांकडे तिरकं उभं करा, मध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवून.

अर्ध्या तासाच्या एकांकिकेत खुणांचे तीस-चाळीस संवाद असतील तर रोज दीड तास धरून आठ आठवडे ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत नजर आणि मार्गदर्शकाबरोबर गप्पा, पुढचे तीन संवादांना, मग हालचाली. आरशात सराव केला तर डावं-उजवं उलटं बसतं, त्यापेक्षा मोबाइल छातीच्या उंचीवर, दोन मीटरवर ठेवून चित्रित करा. खुणांचा मुख्य हात, उजवा की डावा, एकदा ठरला की बदलायचा नाही. सलग वीस-पंचवीस मिनिटांनंतर मनगटं आणि खांदे मोकळे करा, थकलेला हात पुसट ‘बोलतो’. सहाव्या आठवड्यात खरी परीक्षा घ्या: कथा अजिबात माहीत नसलेल्या कर्णबधिर व्यक्तीला व्हिडिओ दाखवा आणि काय कळलं ते सांगायला सांगा. जिथे अर्थ बदलला ते संवाद पुन्हा. मार्गदर्शकावर ही परीक्षा घेऊन उपयोग नाही, त्याला संहिता पाठ झालेली असते.

प्रयोगात धडधड वाढली की हात वेगाने आणि लहान चालतात. त्यावर उपाय एकच: प्रत्येक वाक्याच्या शेवटची खूण क्षणभर धरून ठेवायची. समोरच्या नटाचा क्यूही तोच. शेवटचा शब्द ऐकून बोलायची सवय असलेला नट ती पकड सुटायच्या आतच बोलू लागतो आणि अंबादासचं वाक्य कापलं जातं.

ऑनलाइन लिखित रोलप्लेमध्ये किंवा कथेत असं पात्र लिहित असाल तर नियम थोडक्यात असे: त्याचे संवाद पूर्ण, चांगल्या मराठीत, अवतरणात लिहा आणि ‘तो खुणेने म्हणाला’ एवढं पुरे. ‘मी जा बाजार’ अशी मोडकी वाक्यं लिहू नका. हातांच्या हालचालीचं वर्णन दर ओळीला नको. अंधार, भरलेले हात, वळलेली पाठ यांची मात्र आठवण ठेवा.

कर्णबधिर नट असेल तर तिसरी घंटा त्याला ऐकू जाणार नाही. विंगेत त्याच्यासाठी एक छोटा लाल दिवा लावा, प्रवेशाच्या आधी लागणारा आणि प्रवेशाच्या क्षणी विझणारा, आणि बटणावर एकच माणूस नेमा. प्रयोगाला कर्णबधिर प्रेक्षक बोलवा, त्यांना कडेच्या नव्हे, मधल्या पुढच्या रांगा द्या. बाकी पात्रांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायला दुभाषी रंगमंचाच्या एका बाजूला, स्वतंत्र उजेडात उभा करा. प्रयोग तासाभराहून मोठा असेल तर दोन दुभाषी, वीस-वीस मिनिटांनी बदलणारे. शेवटी सभागृहातले दिवे लवकर लावा. पुढच्या रांगांत हात डोक्यावर उचलून हलताना दिसतील, ती टाळी आहे, आणि ती दिसायला नटांना उजेड लागतो.